पंचगंगा, रंकाळा आणि तुळशीसाठी गळाचं सामान: आधी गळ, मग काठी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फुलेवाडीत राहता, खर्चाची तयारी चार हजारांची आहे, पंचगंगेवर आणि जवळच्या तलावांवर गळ टाकायचा आहे, सुट्टीत धामोडकडे तुळशी धरणावर जायचा विचार आहे. दुकानदाराने बारा फुटी टेलिस्कोपिक रॉड, ६००० नंबरचं रील आणि जाड दोरी सुचवली आहे. नदीला एक आणि तळ्याला एक असे दोन सेट घ्यावे लागतील का, असं तुम्ही विचारलं आहे.

दोन सेट नकोत आणि बारा फुटी रॉडही नको. सात ते आठ फुटी, दोन तुकड्यांचा, मध्यम ताकदीचा स्पिनिंग रॉड घ्या. रॉडच्या बुंध्याजवळ किती ग्रॅमपर्यंत वजन फेकता येतं ते लिहिलेलं असतं. तिथे १० ते ३० ग्रॅम किंवा त्याच्या आसपासचा आकडा हवा. त्याला २५०० किंवा ३००० नंबरचं रील आणि ०.३० मिलिमीटरची नायलॉनची दोरी, म्हणजे आपल्याकडचा तंगूस. एवढ्यात नदी, तळं आणि धरण, तिन्हीकडचं बहुतेक काम होतं.

याचं कारण आपल्या नदीतच आहे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती प्रयाग चिखलीला मिळून पंचगंगा होते आणि पुढे नृसिंहवाडीला कृष्णेत जाते. या वाटेवर ठिकठिकाणी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा सरला की बंधाऱ्यात बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालतात आणि पाणी अडतं. पुढच्या पावसाच्या तोंडावर बर्गे काढेपर्यंत आपली नदी बहुतांश ठिकाणी वाहत नाही, तुंबलेली असते. आपण गळ टाकतो ते नेमके हेच महिने. त्यामुळे ‘नदीसाठी’ म्हणून विकलं जाणारं जड सामान, म्हणजे मोठं शिसं, लांब काठी, दोराएवढी दोरी, हे आपल्या पाण्यात वर्षातला बराच काळ बिनकामाचं असतं. धार असते ती पावसाळ्यात, आणि तेव्हा काठावर उभं राहायचं दिवस फार थोडे मिळतात.

आता मुख्य गोष्ट. बहुतेक नवीन माणूस रॉडपासून सुरुवात करतो आणि सगळे पैसे तिथेच संपवतो. मग दहा रुपयांचा बोथट गळ आणि कुठलीतरी दोरी लावून पाण्यावर जातो. सामान उलट्या बाजूने निवडायचं असतं. कुठल्या पाण्यात कुठला मासा हवा, त्याचं तोंड केवढं, त्यावरून गळ. गळावरून दोरी, दोरीवरून रील, आणि या सगळ्याला साजेसा रॉड सगळ्यात शेवटी. माशाला रॉड दिसत नाही, त्याच्या तोंडात गळ जातो.

गळाच्या नंबरांची गंमत अशी की साधा नंबर जितका मोठा तितका गळ लहान. दहा नंबरचा गळ सहापेक्षा बारीक असतो. एकच्या पुढे मात्र ‘एक शून्य’, ‘दोन शून्य’ असे नंबर येतात आणि ते चढत्या क्रमाने मोठे होतात. चिलापीचं तोंड बारीक, तिला आठ किंवा दहा नंबर. रोहू, मृगळ आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) यांच्यासाठी सहा ते चार. कटल्याचा जबडा मोठा, त्याला दोन किंवा एक. वामीला चार किंवा दोन, लांब दांडीचा घ्या, कारण ती गळ खोल गिळते आणि आखूड दांडी काढताना तिचं तोंड फाटतं. नव्या पाकिटातला गळसुद्धा तपासूनच लावा. टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवून सरकवायचं. नखावर अडकलं तर धार आहे, घसरलं तर तो गळ कामाचा नाही. दगडावर एकदा आपटलेला गळ पुन्हा याच पद्धतीने बघायचा. लहान मासा परत सोडायचा असेल तर गळाचा मागचा काटा पक्कडीने दाबून सपाट करा. दोरी ताणलेली ठेवली तर मासा त्यानेही सुटत नाही.

दोरीच्या बाबतीत जाड म्हणजे मजबूत एवढंच बघितलं जातं. जाड दोरी लांब फेकली जात नाही, रिळावर गुंडाळ्या धरून उसळते, आणि नितळ पाण्यात माशाला आमिष नीट उचलू देत नाही. चांगल्या कंपनीची ०.३० मिलिमीटरची नायलॉन साधारण सहा किलो ताण घेते. पाच किलोचा सायप्रिनससुद्धा त्यावर व्यवस्थित काढता येतो, कारण पाण्यात माशाचं पूर्ण वजन दोरीवर येत नाही आणि ओढीचा जोर रॉड आणि रिळातली दोरी सोडणारी व्यवस्था, म्हणजे ड्रॅग, वाटून घेतात. फक्त चिलापीच धरायची असेल तर ०.२२ पुरते. नायलॉन पाणी शोषते, उन्हाने कमजोर होते, त्यामुळे वर्षातून एकदा बदला. गळाजवळचा हातभर भाग तर दर खेपेला बोटांतून ओढून बघा. खरखरीत लागला की तेवढा कापून नवी गाठ मारा.

ब्रेडेड दोरी, म्हणजे बारीक धागे विणून केलेली ‘ब्रेड’, सध्या खूप खपते. ती बारीक असून मजबूत असते आणि जवळजवळ ताणली जात नाही, म्हणून माशाचा स्पर्श लगेच हाताला कळतो. पण हाच गुण नवीन माणसाला महागात पडतो. नायलॉन ताणली जाते म्हणून झटका जिरतो. ब्रेडवर तोच झटका थेट माशाच्या ओठावर किंवा गाठीवर जातो. शिवाय बंधाऱ्याच्या दगडी कडेला घासली की ब्रेड पटकन तुटते. पहिलं वर्ष नायलॉनच वापरा.

गाठ मात्र पहिल्याच दिवशी शिका. क्लिंच गाठ सोपी आहे. दोरीचं टोक गळाच्या नेढ्यातून काढा, मूळ दोरीभोवती पाच-सहा वेढे द्या, टोक परत नेढ्याजवळच्या छोट्या फटीतून आणा, आणि मग त्या टोकाने तयार झालेल्या मोठ्या फटीतूनही काढा. आता थांबा. गाठ तोंडात धरून थुंकीने ओली करा आणि हळूहळू आवळा. कोरडी गाठ आवळली की दोरी दोरीवर घासून तापते आणि तिथेच तिची ताकद जाते. नीट बसलेल्या गाठीत वेढे एकाला एक चिकटून रांगेत दिसतात. एकावर एक चढले असतील तर कापा आणि पुन्हा मारा. दोन-तीन मिलिमीटर शेपूट ठेवून बाकीची दोरी कापायची. ब्रेड वापरायला लागलात की ही गाठ घसरते, तिथे पालोमार गाठ मारतात.

रील घेताना बेअरिंग किती, हे दुकानदार आधी सांगेल. तुम्ही ड्रॅग बघा. ड्रॅग म्हणजे मासा जोरात पळाला तर दोरी तुटू न देता हळूहळू सोडणारी व्यवस्था. दुकानातच दोरीचं टोक हाताने ओढा. ती धक्के न देता एकसारखी सुटायला हवी. अडकून अडकून सुटत असेल तर ते रील बाजूला ठेवा, मग त्यात बेअरिंग कितीही असोत. घरी ड्रॅग लावायची साधी रीत सांगतो. दोरीच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाइतका ताण आला की दोरी सुटायला लागावी. सहा किलोच्या दोरीला हे दीड ते दोन किलो होतं. दीड लिटर पाण्याची भरलेली बाटली दोरीला बांधा, रॉड साधारण पंचेचाळीस अंशात धरा आणि बाटली उचलायचा प्रयत्न करा. बाटली जेमतेम उचलली गेली आणि रॉड हलकासा झटकला की दोरी सुटू लागली, तर ड्रॅग बरोबर बसला.

मासा दोरी ओढत पळत असेल तेव्हा हँडल फिरवायचं नाही. दोरी सुटत असताना हँडल फिरवलं की दोरी आत येत नाही, तिला नुसता पीळ बसतो. रिळाचं गिअरचं प्रमाण ५.२ ला १ असेल तर हँडलच्या प्रत्येक फेऱ्याला पाचाहून जास्त पीळ पडतात, आणि पुढच्या फेकीला तीच दोरी गुंता होऊन बाहेर येते. मासा थांबला की रॉड हळू वर घ्या, खाली आणताना गुंडाळा, असं करत त्याला जवळ आणा. रॉड पूर्ण उभा करू नका, टोक तिथेच मोडतं. फेकल्यावर रिळाची बेल, म्हणजे दोरी अडवणारी तारेची कडी, हँडल फिरवून न मिटता हाताने मिटायची सवय लावा आणि रिळावर दोरी कडेपासून दोन मिलिमीटर खाली राहील इतपतच भरा. एवढ्याने निम्मे गुंते होतच नाहीत.

टेलिस्कोपिक रॉड मोटारसायकलवर न्यायला सोयीचा, हे खरं. पण त्याच्या सांध्यांत आपली गाळमिश्रित वाळू शिरली की तो अडकतो, आणि वाक सगळीकडे सारखा येत नाही. दोन तुकड्यांचा रॉड त्यापेक्षा टिकतो. सुरुवातीला फायबर ग्लासचा किंवा मिश्र असला तरी चालेल. तो थोडा जड असतो, पण काठावरच्या दगडावर पडला तरी सहसा तडकत नाही. निखळ कार्बन हलका, पण नाजूक.

आता आमिष कुठल्या थरात ठेवायचं ते. कटल्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं, तो वरच्या थरात खातो. रोहू मधल्या पाण्यात फिरतो. मृगळ आणि सायप्रिनस तळाशी चिखल हुंगत खातात. म्हणून एकाच तळ्यात, एकाच आमिषाला, बूच (दोरीवरचा तरंगणारा फ्लोट) दोन हात वर-खाली सरकवलं की वेगळा मासा येतो. बुचाची खोली आधी मोजा: गळाला जड शिसं अडकवून पाण्यात सोडा, बूच बुडालं तर दोरी अपुरी, आडवं पडलं तर जास्त, ताठ उभं राहिलं तर तळ सापडला. मग रोहूसाठी तिथून हात-दोन हात वर घ्या, मृगळासाठी तसंच ठेवा. बुचाखाली बारीक शिसं इतकं लावा की नुसतं टोक पाण्याबाहेर राहील. मोठं बूच अर्धं वर तरंगत ठेवलं तर सावध मासा आमिष उचलताच त्याला विरोध जाणवतो आणि तो सोडून देतो. पूर्वी खेड्यातली पोरं ज्वारीच्या ताटाचं भेंड बूच म्हणून वापरायची. हलकेपणात ते आजही दुकानातल्या रंगीत बुचांपेक्षा कमी नाही.

बूच काय सांगतं ते वाचायला शिका. चिलापी आली की ते थरथरतं आणि बारीक बारीक डुबक्या मारतं. घाई करू नका, सरळ खाली गेलं की मनगटाने हलका झटका पुरे. तळाचं आमिष मृगळ किंवा सायप्रिनसने उचललं की शिशाचा भार सुटतो, बूच आधी वर येतं आणि आडवं पडतं. बूच बुडण्याची वाट बघणाऱ्याचा मासा इथेच जातो. आडवं पडून सरकायला लागलं की ओढायचं. वाम सावकाश, एका दिशेने नेते, तेही बहुधा अंधार पडल्यावर.

आमिषाला कोल्हापुरात काही कमी नाही. शेंगपेंड बारीक कुटून दोन वाट्या, एक वाटी कणीक, मूठभर तांदळाचा कोंडा, आणि हे सगळं गुळाच्या पाण्यात किंवा थोड्या काकवीत मळायचं. चिमूटभर कुटलेली बडीशेप घाला. गोळा चपातीच्या कणकेपेक्षा घट्ट हवा. तळ्यासाठी थोडा सैल चालतो, पाण्यात हळूहळू सुटून त्याचा वास पसरतो. थोडी जरी धार असेल तर कापसाचे दोन-चार तंतू मळून घ्या, गळावरून गळून पडत नाही. वाटाण्याएवढी गोळी गळाचं टोक जेमतेम झाकेल अशी लावा. लिंबाएवढा गोळा लावला तर मासा कडेकडेने खाऊन जातो आणि गळाला लागत नाही. वाम, चिलापी आणि शिंगटी यांना गांडुळासारखं दुसरं काही नाही. शिंगटी हाताळताना तिच्या पाठीवरचा आणि कल्ल्यांमागचा काटा सांभाळा, खोल जखम करतो आणि फार दुखतं. मासे गोळा करायला खाद्य टाकायचं तर मूठभरच टाका, विशेषतः कळंब्यासारख्या पिण्याच्या पाण्याच्या तलावात. बादलीभर पेंड टाकून पाणी नासवायचं आणि मासाही खाऊन तृप्त करायचा, यात काहीच हाती लागत नाही.

मरळीचं सामान वेगळं आहे, आणि या चार हजारांत ते बसवू नका. मरळ केंदाळाच्या आणि गवताच्या कडेला दबा धरून असते, पृष्ठभागावरून सरकणाऱ्या रबरी बेडकावर झेप घेते. तिला केंदाळातून ओढून काढायचं तर ताठ रॉड आणि चाळीस-पन्नास पौंडी ब्रेड लागते. बेडकावर झेप दिसताक्षणी झटका दिला तर तो तिच्या तोंडातून निसटतो. एक श्वास थांबून, दोरीला वजन जाणवल्यावर ओढायचं. एक गोष्ट मात्र मी कळकळीने सांगतो. पाण्यावर बारीक पिल्लांचा पुंजका एकाच जागी खदखदताना दिसला तर खाली आई-बाप राखण करत असतात. तिथे बेडूक टाकला की ते हल्ला करणारच, भुकेने नव्हे तर पिल्लांसाठी. त्यांना काढलं की पुढच्या काही तासांत दुसरे मासे सगळा पुंजका संपवतात. अशा जागी गळ टाकू नका. महसीर लागला तर तोही ओल्या हाताने धरून, पाण्याबाहेर फार न ठेवता सोडून द्या. आपल्या सह्याद्रीच्या नद्यांतून तो फार कमी झाला आहे.

परवानगीचं आधी बघा. बहुतेक धरणं आणि तलावांवर मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. ते बीज सोडतात, त्यावर त्यांची घरं चालतात. तुळशीवर जायच्या आधी तिथल्या संस्थेला विचारा आणि पैसे लागत असतील तर देऊन पावती घ्या. शहरातल्या तलावांवर महापालिकेचे किंवा स्थानिक ग्रामपंचायतीचे फलक वाचा. दाजीपूरकडचा राधानगरी धरणाचा फुगवटा अभयारण्यात येतो, तिथे गळ टाकायचाच नाही. घाटांवर भाविक माशांना खाऊ घालतात, त्या जागाही सोडा.

पंचगंगेचं पाणी काळपट, वासाचं दिसलं किंवा मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तर सामान आवरा. पाण्यातला प्राणवायू संपत आल्याची ती खूण आहे. असा मासा सहज हाती लागतो, पण तो घरी नेऊ नका.

जिवाचं तर आधी. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पाणी भरलं की आपोआप उघडतात. एका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी सुटतं आणि ते खाली भोगावतीतून पंचगंगेत येतं. आपल्याकडे ऊन असताना नदी चढते ती त्यामुळे. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट धरतात, पण गळवाल्याने त्या आकड्याची वाट बघायची नसते. काठावर एक काडी रोवून ठेवा, पाणी काडीवर चढायला लागलं की निघा. बंधाऱ्यावरून पाणी वाहत असताना त्यावर उभं राहून गळ टाकू नका. शिरोळकडे कृष्णेवर, तसंच वारणेवर जात असाल तर मगरी आहेत. गुडघाभर पाण्यात उभं राहू नका, संध्याकाळी काठाला टेकून मासे साफ करू नका.

आणखी एक धोका फारसा कोणी सांगत नाही. आपल्या नदीकाठाला ओळीने शेतीपंप आहेत, त्यांच्या तारा बऱ्याच ठिकाणी डोक्यावरून खाली लोंबलेल्या असतात. कार्बनचा रॉड विजेचा चांगला वाहक आहे. फेकण्याआधी मागे आणि वर बघा. वळवाचा गडगडाट सुरू झाला की रॉड आडवा ठेवून सुरक्षित जागी जा, आणि ती जागा झाडाखालची नसावी. पंपांचे पाण्यातले पाइप आणि फूटव्हॉल्व्हही ध्यानात ठेवा, गळ अडकायची ती हमखास ठिकाणं. तिथे तळाला शिसं सोडू नका, बुचावर मासेमारी करा.

पैशांची वाटणी मी अशी करेन: रॉड आणि रील मिळून अडीच हजारांच्या आत, चांगली नायलॉन आणि दोन-तीन मापांचे उत्तम गळ यांना हजारभर. उरलेल्यात बुचं, शिसं, पक्कड आणि लांब दांड्याची हातजाळी. हातजाळी टाळू नका. बंधाऱ्याच्या भिंतीवरून किंवा उंच काठावरून मासा दोरीने उचलला की हवेत त्याचं पूर्ण वजन गाठीवर येतं, आणि पाण्यात टिकलेली दोरी तिथे तुटते. एक रिकामा डबाही बरोबर ठेवा. कापलेली दोरी त्यात टाकून घरी आणा. रंकाळ्यावर बगळ्यांच्या आणि पाणकोंबड्यांच्या पायात अडकलेला तंगूस मी पाहिला आहे, तो पक्ष्याला स्वतःहून सोडवता येत नाही.

सुरुवात दिवाळीनंतर करा, बर्गे घालून पाणी स्थिर झालं की. सकाळी उजाडताना, बारीक बूच, आठ नंबरचा गळ, गांडुळाचा तुकडा आणि चिलापी. ती मुबलक आहे, बाहेरून आलेला मासा असल्याने धरायला संकोच नको, आणि झटका कधी द्यायचा हे तिच्याइतकं चांगलं दुसरा मासा शिकवत नाही. हात बसला की मग पेंडीचा गोळा घेऊन रोहू-मृगळाकडे वळा. मरळीचा विचार तेव्हा करू, आणि तिचा रॉड घ्यायच्या आधी एकदा विचारा, कारण तिथे पाण्यानुसार निवड बरीच बदलते.